पॉन्टियाक गाडीची आणि न लावलेल्या पाटीची व्यवस्था

मृत्युपत्र लिहून ठेवणार: खुशालराव सखाराम मेहरे, वय वर्षे ७६, धंदा मोटर मिस्त्री, मूळ राहणार मूर्तिजापूर, हल्ली मुक्काम साईनगर, अमरावती.

मी आज रोजी चालता-बोलता आहे. मला नीट ऐकू येते, चष्मा लावून पेपर वाचतो, आणि काल काय जेवलो ते सांगू शकतो. डॉक्टरांनी तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही की कोणी धाक घातलेला नाही. धाक घालण्याइतके जवळचे माणूस आता एकच उरले आहे, ती माझी मुलगी रागिणी, आणि तिने तर "बाबा, माह्या नावानं काईच नोका ठेवू" असे सांगून ठेवले आहे. तरी माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय करायचे ते मी माझ्या मर्जीने खाली लिहीत आहे.

दिनांक ३ जानेवारी २००८ रोजी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. त्यात घर, गॅरेज, गाडी, सगळे चिरंजीव जीवन याच्या नावे होते. चिरंजीव जीवन दिनांक ९ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत वारला. वय चव्वेचाळीस, लग्न केलेले नव्हते. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपले. ज्याला द्यायचे तो द्यायच्या आधी गेला, म्हणून मला दुसऱ्यांदा मृत्युपत्र करावे लागत आहे. चिरंजीव हा शब्द मी वर दोनदा लिहिला आहे. वकीलबाईंनी तो खोडून कैलासवासी करायला सांगितले. मी खोडलेला नाही.

वकीलबाई म्हणजे ॲडव्होकेट सीमाताई बेलसरे. त्यांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात मिळकतीपुरते लिहावे, घरच्या गोष्टी घालू नयेत. त्यांचे बरोबर आहे. पण माझ्या मुलाबद्दल मी पंधरा वर्षे गावभर जे सांगत फिरलो ते खोटे होते, हे मला याच वर्षी कळले. ते दुरुस्त केल्याशिवाय मला जायचे नाही, आणि माझा कोणता कागद लोक शेवटपर्यंत वाचतील तर तो हाच. म्हणून सीमाताईंची माफी मागून मी माझ्या पद्धतीने लिहितो.

कलम १. घर. साईनगरातील दोन खोल्या, वरचा पत्रा, मागचे अंगण आणि अंगणातला कढीपत्ता हे सर्व माझी मुलगी सौ. रागिणी श्याम भुयार, राहणार अकोला, हिला देतो. बँकेत जे काही असेल तेही तिलाच. ती आणि जावई श्यामराव अकोल्याजवळ फुलझाडांची रोपवाटिका चालवतात. मेहनती माणसे आहेत. श्यामरावांना मी आजवर कधी चांगले म्हटले नाही, कारण ते कोणत्याही गाडीला नुसते गाडीच म्हणतात, नाव घेत नाहीत. तरी माणूस चांगला आहे. हे इथे नोंदवून ठेवतो.

कलम २. गाडी. पॉन्टियाक, सन १९५१, रंग मुळात हिरवा, एका ओळीत आठ सिलिंडर. बडनेरा रोडवरच्या माझ्या गॅरेजात मागच्या भिंतीशी उभी आहे. ही गाडीही रागिणीलाच देतो. का, ते सांगायला मागून सुरुवात करावी लागेल.

मूर्तिजापूरच्या एका जिनिंग मालकाने ही गाडी नवी घेतली तेव्हा माझे वडील सखाराम त्यांचे ड्रायव्हर होते. कापसाचे दिवस होते. वऱ्हाडात कापसावर मोठे झालेले पुष्कळ लोक अशा अमेरिकन गाड्या बाळगत. वडील सांगायचे, बॉनेटवर रुपया उभा करून इंजिन सुरू केले तरी रुपया पडायचा नाही. पुढे जिनिंग बसली, मालक वारले, आणि गाडी सरकीच्या शेडमध्ये बारा वर्षे पडून राहिली. सन १९७४ मध्ये मालकीणबाईंनी वडिलांना बोलावून सांगितले, "सखाराम, घेऊन जाय बापा ते धूड. त्याच्यातून साप निंगून राहिले." ट्रकच्या मागे दोर बांधून आम्ही ती अमरावतीला आणली. दोन साप खरेच निघाले.

मला ती सुरू करायला तीन वर्षे लागली. कुठे जीपचा कार्ब्युरेटर बसवला, कुठे हाताने पत्रा ठोकला. १९७७ च्या दसऱ्याला ती सुरू झाली, आणि वडिलांनी बॉनेटवर रुपया उभा केला. रुपया पडला. वडील म्हणाले, "पडू दे, तो जुना रुपया जड होता." असे म्हणून ते आत बसले आणि रडले. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिले.

पॉन्टियाक हे अमेरिकेतल्या आदिवासींच्या एका सरदाराचे नाव. तो इंग्रजांशी लढला होता. गाडीच्या नाकावर त्याचे पिवळसर डोके बसवलेले आहे आणि दिवे लावले की ते आतून उजळते. जीवन लहान असताना रोज संध्याकाळी गॅरेजात येऊन म्हणायचा, "बाबा, राजाले जागं करा." मी दिवे लावायचो. तो हात जोडायचा. पाठीमागे माझी बायको रुख्मिणी डबा घेऊन उभी असायची आणि म्हणायची, "आरती झाली असन त जेवून घ्या आता."

मला इंग्रजी येत नाही. इतवारा बाजारातल्या रद्दीवाल्याकडे मोटारींची इंग्रजी मासिके यायची, ती मी घेऊन ठेवायचो. जीवन सातवी-आठवीत गेला आणि ती मला वाचून दाखवू लागला. अर्धे कळायचे, अर्धे तो मनाने लावायचा. पॉन्टियाकचे दिवस कसे पालटले ते मी त्याच्या तोंडून ऐकले आहे. आधी म्हाताऱ्यांची गाडी म्हणून तिला कोणी विचारत नव्हते. मग १९६४ मध्ये तिथल्या काही इंजिनिअरांनी मोठ्या गाडीचे इंजिन मधल्या आकाराच्या गाडीत बसवले. वरचा नियम होता की असे करायचे नाही. त्यांनी वाट काढली आणि केले. आठवीतला जीवन गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्याच्या काठावर बसून ओरडला होता, "बाबा, यायनं वरच्यायले अंधारात ठेवून मोठं इंजन टाकलं ना!" आम्ही दोघे त्यावर आठ दिवस हसत होतो. त्या गाडीने अमेरिकेतल्या पोरांना वेड लावले. सिग्नल सुटला की पुढे जाणारी गाडी पॉन्टियाकच असायची, असे त्या मासिकात होते. मी खरे मानले.

मग उतरणही त्यानेच वाचून दाखवली. पेट्रोल महागले, धुराचे कायदे आले, इंजिने नरम पडली. पुढे पुढे तर दुसऱ्याच गाड्यांना हिचा बिल्ला लावून विकू लागले. जीवन तेव्हा बारावीत होता. म्हणाला, "बाबा, आता नाक फक्त पॉन्टियाकचं हाये, बाकी सारं दुसऱ्याचं." मला इतके लागले, जणू कोणी माझ्या गॅरेजचीच निंदा केली. मी म्हणालो, "मंग तू जाय तिकडं आन सुधर त्याले." मी सहज म्हणालो होतो. त्याने ते मनावर घेतले.

तो अमरावतीतच इंजिनिअर झाला, २००२ मध्ये अमेरिकेला गेला, पुढचे शिकला आणि पॉन्टियाक जिथे बनते त्याच मुलखात नोकरीला लागला. खरे म्हणजे तो पॉन्टियाकला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात होता. मी मात्र सगळीकडे पॉन्टियाक कंपनीत असे सांगत आलो. पहिले खोटे तेच. रुख्मिणी २००४ मध्ये गेली. ती असती तर तिने मला तिथेच अडवले असते.

आता रागिणीचे. सन १९९८ मध्ये तिचे लग्न झाले तेव्हा लग्नाच्या दाट तिथी होत्या. माझी पॉन्टियाक नवरदेवांसाठी जायची आणि त्या तारखेला मी ती नांदगाव खंडेश्वरच्या एका ठेकेदाराला कबूल करून बसलो होतो. शब्द मोडायचा नाही म्हणून त्याच्या पोराला पॉन्टियाक गेली आणि माझी मुलगी भाड्याच्या मॅटाडोरमध्ये बसून अकोल्याला सासरी गेली. तिने एक शब्द काढला नाही. मला वाटले, तिला त्याचे काही नाही. मी घरात पोरांमध्ये वाटणी केली होती, गाडी जीवनची आणि काम रागिणीचे. पुढच्या सीटवर ती कधी बसली होती का, हे मला आठवत नाही. मी तिला मागच्या महिन्यात विचारले. ती म्हणाली, "एकडाव बसली होती, दादाचं बोट दारात फसलं होतं, दवाखान्यात नेलं तवा, त्याले मांडीवर घेऊन." दादा म्हणजे जीवन. धाकटा असून ती त्याला दादा म्हणायची.

म्हणून गाडी रागिणीची. तिने ती ठेवावी, विकावी किंवा भंगारात द्यावी. विकू नये, रंग बदलू नये अशा अटी जुन्या मृत्युपत्रात नऊ होत्या. या मृत्युपत्रात एकही नाही. रागिणी म्हणते, मागच्या सीटवर झेंडूच्या फुलांची सहा कॅरेट बसतील. बसवावीत. इंजिन फेब्रुवारीपासून सुरू केलेले नाही. बिघाड काही नाही, मीच केले नाही.

कलम ३. पाने. माझी सर्व हत्यारे, जॅक, पेचकसांचे म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचे दोन संच, ऐरण आणि वेल्डिंगचे सामान गॅरेजच्या जागेसह रागिणीला. हत्यारे आणि सामान तिने गरजू मिस्त्री पाहून द्यावे. मात्र एका निळ्या कापडाच्या गुंडाळीत इंचाच्या मापाचे बारा पाने आहेत, ते कोणालाही देऊ नयेत. ते जीवनचे आहेत आणि ते माझ्या चितेवर ठेवावेत. लोखंड जळत नाही हे मला कळते. राखेतून काढून त्यांचे काय करायचे ते पुढे सांगतो.

जीवनला अग्नी दिला तो आम्ही मोबाइलवर पाहिला. रागिणीने मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तिकडे बर्फ पडत होता, चार-पाच माणसे कोट घालून उभी होती, आणि मधेच चित्र अडकायचे. एप्रिल महिन्यात त्याचा एक मित्र अस्थी घेऊन आला आणि सोबत ही गुंडाळी. मला आठवले, २००९ मध्ये मीच त्याला म्हणालो होतो की अमेरिकन गाडीला इंचाचे पाने लागतात, इथे धड मिळत नाहीत. मला वाटले, माझ्यासाठी घेऊन ठेवले असतील.

गुंडाळी सोडली तर पाने नवे नव्हते. तोंडे घासून गोल झालेली. नऊ-सोळा मापाच्या पान्याच्या दांड्यावर अंगठ्याची जागा पडलेली. पन्नास वर्षे मी पाने वापरतो आहे. पाना किती वर्षे कोणाच्या हातात होता ते मला सांगावे लागत नाही. हे पाने रोज, दहा-बारा वर्षे, पोटासाठी वापरलेले होते. खुर्चीवर बसणाऱ्या इंजिनिअरचे ते नव्हते.

अस्थी आम्ही कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडल्या. परत घाटावर आलो तेव्हा मी रागिणीला विचारले, "त्याचे पाने कायनं घासले?"

तिने पदर पिळला. मग म्हणाली, "बाबा, त्याची नोकरी दोन हजार नऊमधीच गेली होती."

"मंग इतकी वर्सं काय करत होता?"

"मोटारी दुरुस्त करत होता. दुसऱ्याच्या गॅरेजात. तुमच्यासारखाच."

"तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"त्यानं माह्या पोराईची शपथ घातली होती." आणि मग ती मोठ्याने बोलली, घाटावरची माणसे वळून पाहू लागली. "आन तुमी कधी इचारलं? दर फोनवर तुमी इचारत, कंपनी कशी हाये. तू कसा हायेस, हे एकडाव तरी इचारलं का, बाबा?"

मी नाही विचारले. इंजिनाला पेचकस टेकवून त्याचा दांडा कानाशी धरला की आत कुठे काय खडखडते ते मला कळते. साऱ्या अमरावतीत त्यासाठी माझे नाव होते. पोराचा आवाज दर रविवारी कानाशी होता आणि मला काही ऐकू आले नाही.

कलम ४. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. नारळ केव्हाच फोडला. मानपत्र मी या मे महिन्यात चुलीत घातले. शाल लोखंडी कपाटात आहे. ती रागिणीने न्यावी आणि उन्हाळ्यात रोपांवर सावलीला बांधावी.

ही शाल दिनांक २८ सप्टेंबर २००९, दसऱ्याच्या दिवशी, नांदगाव खंडेश्वर येथे आमच्या समाजाच्या सभागृहात जीवनच्या अंगावर घातली गेली. त्या वर्षी एप्रिलमध्ये पॉन्टियाक बंद होणार असे जाहीर झाले होते. मी फोन केला तर तो म्हणाला, "मले दुसऱ्या विभागात घेतलं, बाबा, तुमी चिंता नोका करू." मी चिंता केली नाही. मी रागावलो. म्हणालो, "इतके शिकलेले तुमी लोक, अन् एक गाडी सांभाळता नाई आली तुमाले?" माझ्या पोराची नोकरी त्याच महिन्यात गेली होती आणि मी त्याला हे बोललो.

सप्टेंबरात तो महिनाभराची सुट्टी सांगून घरी आला. मला आनंदाने काही सुचेना. माझे चुलतभाऊ किसनराव तेव्हा समाजाचे अध्यक्ष होते. रागिणीच्या लग्नात पंगतीसमोर ते मला म्हणाले होते, "खुशाल, वाढाले नोको घेऊ, तुह्या नखात ऑइल असते." ते मी अकरा वर्षे पोटात ठेवले होते. मी जाऊन त्यांना म्हणालो, जीवनचा सत्कार ठेवा, खर्च माझा. आणि बंडू पेंटरला सांगून तीन फ्लेक्स करवले. त्यावर लिहिले होते, पॉन्टियाक कंपनीचे वरिष्ठ अभियंता चि. जीवन खुशालराव मेहरे यांचा भव्य नागरी सत्कार. जीवनला मी विचारले नाही. सत्कार काय विचारून करतात, असे मला वाटले.

खांडेनवमीला आमच्या गॅरेजात हत्यारांची पूजा असते. पोत्यावर सगळे पाने मांडायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडू वाहायचा, आणि दसरा उजाडेपर्यंत एकही पाना उचलायचा नाही. जीवनने त्या दिवशी सगळे पाने स्वतः पुसले, मापाप्रमाणे मांडले. लहानपणी त्याने पान्याला हात लावला की मी हातावर मारायचो. मेहऱ्याच्या पोराचे हात काळे होऊ नयेत, हा माझा नियम. त्या दिवशी पूजेचे म्हणून मी काही बोललो नाही.

पूजा झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, दसरा झाला का मी येऊ का गॅरेजात?"

"ये ना पाहाले."

"पाहाले नाई. कामाले. तुमच्यासंगं."

मी हसलो. हे खोडत नाही, मी हसलो. म्हणालो, "अबे, इतलं शिकून हात काळे करतं का? लोकं काय म्हणतीन?" आणि त्याला बाहेर नेऊन मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो दाखवला. त्याने तो फोटो खूप वेळ पाहिला.

"हे कवा लावलं?"

"काल. नांदगावच्या चौकात. तीन."

"बरं," तो म्हणाला. इतकेच.

दुसऱ्या दिवशी किसनरावांनी भाषण केले, शाल घातली, टाळ्या झाल्या. जीवनला दोन शब्द बोलायला सांगितले. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मले जे येते ते बाबाच्या गॅरेजातून येते. दुसरं मले काई येत नाई." सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी सर्वांत जोरात. मला वाटले, केवढा नम्र आहे. तो भरसभेत खरे सांगत होता आणि मी टाळ्या वाजवत होतो. महिनाभरासाठी आलेला पोरगा चार दिवसांनी परत गेला. मग कधी आला नाही. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या दसऱ्याला येतो.

त्याला इथे राहायचे होते. हे मला आता दिसते. नोकरी गेली म्हणून तोंड लपवायला तो आलेला नव्हता. त्याला हेच काम आवडत होते, पहिल्यापासून. मी त्याला माझ्या दारातून माघारी पाठवले, तेही वाजतगाजत.

किसनराव आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, डोळ्यांनी दिसत नाही. त्यांच्यावरचा माझा राग ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती मी कोणाला वारसाने देत नाही. माझ्याबरोबर जाळावी. रागिणीने त्यांच्याकडे जावे-यावे. मी त्यांना दाखवून द्यायला गेलो आणि माझे नुकसान झाले, यात त्यांचा दोष नाही.

कलम ५. माझ्यामागचे. माझ्या तेरवीला समाजाचे लोक जमतील. पंगत बसण्याआधी सीमाताईंनी पुढील मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा. माझा मुलगा जीवन पॉन्टियाक कंपनीत कधीच नव्हता. तो सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. पॉन्टियाक बंद पडली, त्याची नोकरी गेली, आणि मरेपर्यंत तो परमुलखात मोटर मिस्त्री होता. पान्यांवरून सांगतो, चांगला मिस्त्री होता. यात त्याला लाज वाटावे असे काही नाही. लाज माझी आहे. त्याला भीती होती ती माझीच.

हे ऐकून कोणी जेवला नाही तरी चालेल. चितेतले बारा पाने थंड झाल्यावर वर्धेत कौंडण्यपूरलाच सोडावेत, जीवनच्या अस्थी सोडल्या त्याच घाटावरून.

कलम ६. पाटी. ही मिळकत माझ्या ताब्यात येऊन अजून महिनाही झालेला नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी बंडू पेंटर ई-रिक्षात काहीतरी घालून गॅरेजवर आला. बंडूला सगळी अमरावती ओळखते. पूर्वी शहरातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आल्यावर त्याचे ब्रश वाळले, आणि आता तो दुकान खाली करत होता. त्याने वर्तमानपत्रात बांधलेली एक मोठी चौकोनी वस्तू उतरवली आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या जीवनची अमानत हाये. पंधरा वर्सं पडून राहिली. तो म्हणे मंग नेतो, म्हून मी ठेवली."

मी कागद फाडला. पत्र्याची पाटी, निळ्या रंगावर पिवळी अक्षरे.

मेहरे अँड सन मोटर गॅरेज. सर्व प्रकारच्या मोटारी दुरुस्त होतील.

कोपऱ्यात त्या सरदाराचे डोके काढलेले. बंडूच्या हातून ते थोडे आपल्या खंडोबासारखे झाले आहे.

बंडू म्हणाला, "दसऱ्याच्या आधी, आल्या आल्याच सांगून गेला होता. मी इचारलं, सन का सन्स? तर हासला, म्हणे, एकच तर हाये मी. दसऱ्याले लावतो म्हणे, बाबाले सांगू नोका. मंग तुमी आले फ्लेक्स सांगाले. आन नवमीच्या दुपारी तो आला, पाटीकडं पाह्यलं, म्हणे, बंडूकाका, राहू द्या आता, मंग नेतो."

"तू मले काहून नाई सांगतलं, बंडू?"

"मले काय मालूम, मिस्त्री. मले वाटलं, पोराले खरंच कंपनीनं बोलावलं असन."

आम्ही दोघे म्हातारे त्या पाटीपुढे बसून राहिलो. समोरच्या टपरीवरून इंदूबाई चहा घेऊन आल्या, पाटी वाचली, आणि चहा तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

पाटीवर मुलीचे नाव नाही. म्हणून मी रागिणीला फोन करून विचारले, गॅरेज तुझ्या नावे होणार, ही पाटी तुला चालेल का. ती म्हणाली, "लावा, बाबा. त्यानं इतक्या दुरून येऊन सांगतली होती."

ही पाटी मी कोणाला देत नाही. तिची व्यवस्था माझ्यामागे ठेवत नाही. ती मी हयातीतच लावणार आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी मी ॲड. सीमाताई बेलसरे यांना नेमतो. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही असे त्या सांगतात, म्हणून बंडू आणि इंदूबाई यांच्या नावे काही ठेवलेले नाही. त्यांनी समजून घ्यावे.

येणेप्रमाणे लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले, ते माझेच म्हणणे आहे. सही करण्याआधी आज सकाळी साक्षीदारांसमक्ष पाटी लावण्यात आली. शिडी बंडूने धरली, वर रागिणी चढली, खिळे मी खालून दिले. मग गाडीचे दिवे लावले. इंजिन सुरू केले, तिसऱ्या प्रयत्नाला चालू झाले. त्यानंतर त्या पाटीखाली खुर्ची टाकून मी सही केली.

सही: खुशालराव सखाराम मेहरे, मिस्त्री, जीवनचे वडील

साक्षीदार:
१. बंडू विठोबा ढोले, धंदा पेंटर, अमरावती. सही
२. इंदूबाई महादेवराव उमक, धंदा चहाची टपरी, अमरावती. सही

दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४
स्थळ: मेहरे अँड सन मोटर गॅरेज, बडनेरा रोड, अमरावती